सलग जागा

सोलापूरच्या पूर्व भागातल्या डिझाइनच्या दुकानांमधले संगणक पडद्यावर चित्रं दाखवण्यासाठी समोर बसलेल्या माणसाची मेमरी वापरत, आणि अंबादास यन्नमला त्यात कधी काही गैर वाटलं नव्हतं. त्या संगणकांमधल्या ग्राफिक्स कार्डांना स्वतःची मेमरी नसायची. चादरीवर चार फुलं काढायला स्वतःच्या मेमरीचं कार्ड कशाला हवं, असं दुकानदार म्हणत. मग कार्ड समोरच्याकडून थोडी घेई. किती घ्यायची, हे ड्रायव्हरच्या फायलीत एका ओळीत लिहिलेलं असे. ड्रायव्हर म्हणजे कार्डाला कामाला लावणारी आज्ञावली. ती फुकट मिळे आणि सगळ्यांना उघडी असे. कुणीही आत जाऊन तो आकडा बदलू शके. बहुतेक दुकानांत आकडा सोळा होता.

सोळात फारसं काही जात नसे. डिझाइनवाल्यांना शेजाऱ्यांच्या जावयांची नावं आठवत नसत. अंबादासचा एक चुलत मेहुणा तोच सिनेमा तीनदा पाहून आला आणि तिन्ही वेळा शेवट बघून चकित झाला. दुकान बंद असलं, संगणक बंद असला, तरी राखीव ते राखीव. आकडा कमी केल्याशिवाय परत मिळत नसे. लग्न जुळवताना मुलगा डिझाइनला बसतो असं कळलं की मुलीकडचे "सोळा की बत्तीस?" एवढंच विचारत, आणि सोळा म्हटलं की चहा यायचा.

अंबादास स्वतः डिझाइनवाला नव्हता. घराला लागून त्याचा चार मागांचा कारखाना होता आणि त्यावर तो टॉवेल विणायचा. डिझाइनला बसायची त्याची धाकटी बहीण रेणुका, कुरापाटींच्या दुकानात. हे त्याला लोकांकडून कळलं होतं. बहीणभाऊ बारा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

वडील वारले तेव्हा रेणुका भिवंडीला नवऱ्याकडे होती. अंबादासनं तिला निरोप धाडला तो असा, की नानांना जरा बरं नाही, सावकाश ये. ती बसमधून उतरून घरी पोचली तेव्हा नानांना नेऊन झालं होतं, अंगण धुऊन झालं होतं आणि वैशाखाच्या उन्हात ते वाळलंही होतं. रेणुका दारात उभी राहिली. तिनं अंगण बघितलं, भावाकडं बघितलं, आणि पिशवी खाली न ठेवता तशीच मागं वळली. पुढं नवऱ्याला भिवंडीतच ठेवून ती कामासाठी सोलापुरात परत आली, विडी घरकुल वसाहतीत खोली घेऊन राहिली. बाजारात समोरासमोर आली तर ती अंबादासच्या खांद्यावरून पलीकडचं काहीतरी बघत निघून जायची.

म्हणून त्या संध्याकाळी ती कारखान्याच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा अंबादासला वाटलं की कुणीतरी वारलं.

"काय बघायलास?" रेणुका म्हणाली. "आत येऊ का नको?"

"ये की."

ती चपला काढायला वाकली. मागांच्या खडखडाटात तिनं काहीतरी विचारलं, ते त्याला नीट ऐकू आलं नाही, किंवा आलं आणि पटलं नाही. त्यानं जवळचा माग बंद केला. तिनं त्याच आवाजात पुन्हा विचारलं.

"नाना कुठंयत? केळी आणलीत त्यांना. वेलची."

अंबादासची बायको भाग्यलक्ष्मी आतल्या दारात उभी होती. तिनं नणंदेकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं आणि आत गेली. नानांचा हार घातलेला फोटो तिनं भिंतीवरून काढला आणि पिठाच्या डब्यामागं ठेवला. भिंतीवर फोटोएवढा पांढरा चौकोन उरला, तिथं तिनं टॉवेल वाळत घातला.

"बाहेर गेलेत," अंबादास म्हणाला.

हे कुठून तोंडात आलं, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"या वयात? एकटे?"

"एकटे नाहीत. आहेत बरोबरचे."

"कधी येतील?"

"सांगून गेले नाहीत," अंबादास म्हणाला. त्या संध्याकाळी तो जे काही बोलला त्यात हे एवढंच खरं होतं.

रेणुका दिवेलागणीपर्यंत थांबली. चहा घेतला, भाग्यलक्ष्मीच्या गुडघ्यांची चौकशी केली, मागाचा पट्टा सैल झालाय तो आवळून का घेत नाहीस म्हणून भावाला बोलली. पण एका जागी तिला बसवेना. घोटभर चहा प्यायची आणि उठून दारात जाऊन कोपऱ्यापर्यंत बघून यायची. शेवटी केळी भाग्यलक्ष्मीच्या हातात दिली, उद्या येते म्हणाली आणि गेली.

"हिला काय झालं?" भाग्यलक्ष्मीनं विचारलं.

"आकडा वाढवला असणार," अंबादास म्हणाला.

दुसऱ्या दिवशी माग सुरू न करताच तो कुरापाटींच्या दुकानाकडं गेला. काचेतून त्याला रेणुकाची पाठ दिसली. तिच्यापुढच्या पडद्यावर नुसतं गवत होतं, पिवळं, गुडघाभर, आणि मधोमध एक माळढोक मान वर करून उभा होता. सत्यनारायण कुरापाटी बाहेर पायरीवर दात घासत होते. त्यांनी चूळ भरली आणि सगळं नीट सांगितलं, कारण लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

एका विश्रामगृहाच्या भिंतीसाठी वॉल हँगिंगची ऑर्डर आली होती. नान्नजचा माळ, त्यावर एक माळढोक. गिऱ्हाइकाची अट अशी, की गवताच्या कुठल्याही दोन काड्या सारख्या दिसता कामा नयेत.

"फूल एकदा काढलं की पुढं तेच तेच गिरवत जातं," कुरापाटी म्हणाले. "गवत गिरवायचं नाही म्हटल्यावर काडी न् काडी ध्यानात ठेवायला लागते. सोळात नुसता वरचा कोपरा दिसायला, बाकी पट्टे. चौसष्ट केलं तर पक्ष्याला पाय नाहीत. मग गड्डम सरांना बोलावलं. त्यांनी पाचशे बारा सांगितलं."

"आणि तुम्ही केलंत?"

"तिनं केलं. स्वतःच्या हातानं टाईप केलं. सरांनी तीनदा विचारलं तिला. आमची सक्ती नाही."

मुरलीधर गड्डमांचा कन्ना चौकात संगणकाचा क्लास होता. जगभर विखुरलेली जी माणसं तो ड्रायव्हर बिनपगारी लिहीत आणि दुरुस्त करत, त्यांच्यातले ते एक. क्लासमध्ये मुलं अजून आली नव्हती. गड्डमांनी अंबादासला बाकावर बसवलं आणि त्याचं म्हणणं मध्ये न बोलता ऐकून घेतलं.

"पाचशे बारा म्हणजे फार असं नाही," ते म्हणाले. "अडचण आकड्याची नाही. कार्डाला मेमरी तुकड्यातुकड्यांत चालत नाही, एका जागी सलग लागते. माणसात सलग असं फार नसतं. शाळा, नोकरी, बाजार, आजारपणं, सगळं इकडंतिकडं सांडलेलं. एवढी सलग जागा मिळेल का याची मलाच शंका होती. पण रेणुकाबाईंकडं बारा वर्षांचं एक मिळालं. मध्ये एक दिवसाचासुद्धा खंड नाही. इतकं स्वच्छ मी अजून कुणात पाहिलेलं नाही."

अंबादासनं बाकाच्या कडेवर नखानं रेघा ओढल्या.

"त्यात काय होतं ते बघितलं का तुम्ही?"

"ड्रायव्हर वाचत नाही. तो फक्त लांबी मोजतो."

"माणसांची घ्यायची हे ठरवलं कुणी पण?"

"एकट्यानं कुणी ठरवलेलं नाही. चर्चा झाली होती. हरकती मागवल्या होत्या, सहा महिने मुदत होती. तुम्ही हरकत घेतली नाहीत."

"मला कुठं ठाऊक होतं?"

"सगळं उघडं असतं, यन्नम. कुणीही वाचावं. मुदत मात्र संपली."

अंबादासनं मग ज्यासाठी तो आला होता ते विचारलं. विचारताना त्यानं गड्डमांकडं बघितलं नाही. "असं होईल का," तो म्हणाला, "की नाना गेले एवढं तिला परत द्यायचं, आणि माझ्यावरचा राग तिकडंच राहू द्यायचा?"

"तोडलं तर सलग राहणार नाही."

"थोडंसंच."

"ते एकाच तुकड्यात आहे. वडील आणि तुम्ही त्यात वेगळे निघत नाही." गड्डमांनी खिडकी उघडली. "आकडा कमी केला तर सगळं परत जाईल. तो त्यांनीच करावा हे बरं, मेमरी त्यांची आहे. पण फाईल उघडी आहे. कुरापाटींनी दार उघडलं तर तुम्हीही करू शकता. त्या घरी भाकरी थापत असतील, नाहीतर रस्त्यानं चालल्या असतील, तिथं त्यांना एकदम आठवेल."

अंबादासच्या डोळ्यांपुढं तव्यावरची भाकरी आली. पुन्हा एकटीनं, पुन्हा उशिरा, पुन्हा तो समोर नसताना.

"नको," तो म्हणाला. "मी सांगतो तिला."

पण त्या संध्याकाळी त्यानं सांगितलं नाही.

रेणुका रोज यायला लागली. काम सुटलं की थेट भावाच्या घरी, हातात नानांसाठी काहीतरी घेऊन. अंबादास तिला सांगायचा की नाना तेलंगणात लग्नाला गेलेत. मग लग्नाहून परस्पर देवाला गेलेत. मग देवाहून कुणाच्या तरी शेतातल्या घराची वास्तुशांत होती, तिथं राहिलेत. फोन लाव म्हणाली तर फोन घरीच विसरलेत. त्याला खोटं बोलायची सवय नव्हती. एकेक थाप सुचेपर्यंत त्याचा दिवस सरायचा, आणि मागावर सूत तुटलेलं त्याच्या लक्षात यायचं नाही.

आणि तरी त्या दिवसांत त्याला बरं वाटत होतं, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. बहीण त्याच्या पानावर स्वतःच्या हातानं भात वाढत होती. लहानपणी दोघांनी मिळून सूत रंगवायच्या हौदात शेजारणीची कोंबडी पाडली होती, ते तिनं भाग्यलक्ष्मीला इतकं रंगवून सांगितलं की तिघांनाही ठसका लागला. हसता हसता अंबादासची नजर भिंतीवरच्या टॉवेलकडं गेली आणि त्याचं हसणं तिथंच थांबलं.

रेणुकाला मात्र स्वस्थता नव्हती. गवत बघता बघता भरत चाललं होतं, काम चोख होत होतं, कुरापाटी खूष होते. पण ती जेवता जेवता उठायची. झोप लागली की दचकून जागी व्हायची. अर्ध्या वाटेवरून परत खोलीवर जाऊन कुलूप ओढून बघायची आणि पुन्हा निघायची.

"मी गॅस चालू ठेवून आलेय का रे?" ती विचारायची.

"बघून आलीस ना आत्ता?"

"बंद होता. मग दुसरं काहीतरी चालू राहिलंय."

भाग्यलक्ष्मी हे सगळं बघत होती. ती नवऱ्याला एकदा म्हणाली, दोनदा म्हणाली. मग एका संध्याकाळी रेणुकानं सांगितलं, की उद्यापासून ती अंथरूण घेऊन इथंच झोपायला येणार. नाना कधीही येवोत, पहाटे तरी घरात असतीलच. ती गेल्यावर भाग्यलक्ष्मीनं टॉवेल काढला, पिठाच्या डब्यामागचा फोटो आणला आणि होता तिथं लावला.

"तेव्हा एकदा केलंत," ती म्हणाली. "आता रोज करताय."

दुसऱ्या दिवशी अंबादास दुपारीच दुकानात गेला. कुरापाटींनी त्याला आत घेतलं, स्टूल दिलं आणि बजावलं, "समोर बसू नका, बाजूला बसा. समोर बसलात तर तुमचंही घेईल." त्यांनी स्टूल भिंतीला टेकवून दिलं आणि ते बाहेर पायरीवर जाऊन बसले.

रेणुका पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "आले का?"

"नाही. रेणू, नाना गेले."

"आता कुठं?"

अंबादासनं तोंड उघडलं. एवढे दिवस तो गेलेत म्हणत होता, आणि तिला अजून तेच ऐकू येत होतं. त्याला तो दुसरा शब्द उच्चारावा लागला. नाना वारले, तो म्हणाला, आणि तो शब्द त्यानं बारा वर्षांत आपल्या बहिणीपुढं पहिल्यांदा उच्चारला.

रेणुकाचा हात माऊसवर तसाच राहिला.

"कधी?"

"बारा वर्षं झाली."

ती पडद्याकडं बघत राहिली. तिला खोटं वाटलं नाही. डिझाइनच्या धंद्यात राहिलेल्या माणसाला असं काही सांगितलं तर ते खोटं वाटत नाही, तो आधी आकडा आठवतो.

"मी कुठं होते?"

"भिवंडीला."

"मला कळवलंस?"

"जरा बरं नाही, सावकाश ये, असं कळवलं."

"आणि होतं काय?"

"तेव्हा ते गेलेले होते."

"मग मी आले असेन."

"आलीस. त्याआधीच नेलं."

रेणुकानं खुर्ची त्याच्याकडं वळवली. "का?"

"ऊन फार होतं. लोक म्हणाले, आता थांबण्यात..."

"लोक म्हणाले का तू म्हणालास?"

अंबादासला वाटलं होतं की हा प्रश्न आला तर तो काहीतरी सांगेल. काय सांगायचं, हे त्यानं बारा वर्षांत अनेकदा मनात मांडून बघितलं होतं. त्यातलं काहीच आता त्याला आठवेना, आणि तो तर पडद्यासमोर बसलेलाही नव्हता.

"मी म्हणालो," तो म्हणाला. "आधीचे दोन दिवस ते तुझं नाव घेत होते. मला वाटलं, बरे होतील, उगाच तुला कशाला धावायला लावायचं. मग ते गेले. तू आलीस की विचारणार, काही बोलले का. तुझ्या तोंडाकडं बघून मला ते सांगता आलं नसतं. म्हणून उरकून टाकलं."

रेणुकानं माऊस बाजूला सारला.

"मग मी काय केलं?"

"दारातूनच गेलीस. परत बोलली नाहीस."

"बरोबर केलं," ती म्हणाली. दुसऱ्या कुणाच्या भांडणाचा न्याय करावा तसं म्हणाली, आणि खुर्ची वळवून पुन्हा पडद्याकडं तोंड केलं. "एक कोपरा राहिलाय. तेवढा पुरा करते. मग आकडा खाली आणते."

अंबादास स्टुलावरून पुढं सरकला. "नाही आणलास तरी चालेल की," तो म्हणाला. "तुला आता कळलंच आहे. राग तेवढा तिकडं राहिला तर कुणाचं काय बिघडतंय? येत जा घरी, आतापर्यंत येत होतीस तशी."

"माझं आहे ते," रेणुका म्हणाली. "गवताला कशाला देऊ?"

कोपरा पुरा व्हायला पाच वाजले. तिनं चित्र जकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उतरवणाऱ्या भोकांच्या कार्डांसाठी पाठवून दिलं आणि कुरापाटींना सांगितलं. गड्डमांनाही बोलावून घेतलं, कारण तशी पद्धत होती. मग तिनं फाईल उघडली, पाचशे बारा पुसून सोळा लिहिलं आणि संगणक बंद करून पुन्हा चालू केला. पडदा काळा झाला. गड्डमांनी हात पाठीमागं बांधले. अंबादास बहिणीच्या तोंडाकडं बघत होता, आणि बारा वर्षांपूर्वी ज्या क्षणाला टाळायला त्यानं घाई केली होती तो त्याला आता सबंध बघावा लागला. आधी तिचे डोळे स्थिर झाले. मग ओठ घट्ट मिटले. मग ते तोंड पुन्हा त्याच्या ओळखीचं झालं, बाजारात दिसायचं तसं.

"सगळं आलं का?" गड्डमांनी विचारलं.

"आलं. पण अंगणात गवत आहे."

"कुठल्या?"

"त्या दिवशीच्या. मी दारात उभी आहे, आणि आत गुडघाभर गवत आहे. नव्हतं ते."

"थोडं राहतं मागं," गड्डम म्हणाले. "वर चित्र काढलेलं असतं ना. हळूहळू झिजतं. नाही झिजलं तर कळवा, आम्ही नोंद घेऊ."

रेणुकानं पिशवी उचलली. अंबादासच्या खांद्यावरून पलीकडं बघत ती त्याच्या शेजारून गेली आणि रस्त्याला लागली. कुरापाटींनी पंखा बंद केला. अंबादास घरी आला आणि त्यानं चारही माग सुरू केले, पण चारांचा मिळूनही आवाज त्याला पुरेसा वाटेना.

ती दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशी कुरापाटींकडून कळलं की ती रजा घेऊन भिवंडीला नवऱ्याकडं गेलीय. अंबादास या मागावरून त्या मागावर जात राहिला, धोटे काढून पुसून पुन्हा घालत राहिला. भाग्यलक्ष्मी त्याला जेवायला हाक मारायची, तो येतो म्हणायचा आणि यायचा नाही.

मग एका सकाळी फोन वाजला.

"अन्ना," रेणुका म्हणाली. मागं बसचा आवाज होता. "मी निघालेय भिवंडीहून. पुणं सोडलं. नानांना नेऊ नकोस. मी येईपर्यंत थांब."

तिचा आवाज विसरलेल्या माणसाचा नव्हता; बारा वर्षांपूर्वीचं राहिलेलं ती मागत होती. वैशाख संपत आला होता, बाहेर अंगण नुसतं तापत होतं.

"थांबतो," तो म्हणाला.

त्यानं माग बंद केले. अंगण झाडलं, मध्ये एक माणूस आडवा मावेल एवढी जागा मोकळी ठेवली आणि त्या जागेच्या बाजूला सतरंजी घातली. भाग्यलक्ष्मीनं समई लावली आणि ती उशाला येईल अशी ठेवली. माग बंद पडल्याचं गल्लीला लगेच कळतं. आधी शेजारचे कमटम आले, मग त्यांच्या मागच्या आळीतले दोघं, मग बायका. रेणुका इंदापूरला पोचली तोवर अंगणात उभं राहायला जागा उरली नाही.

"कोण यायचं राहिलंय?" कमटमांनी विचारलं.

"बहीण."

"कुठवर आलीय?"

"टेंभुर्णी मागं टाकली."

"ऊन फार आहे, अंबादास," एक म्हातारे हळूच म्हणाले. "फार थांबण्यात..."

"थांबायचं आहे," अंबादास म्हणाला.

म्हाताऱ्यांनी मान हलवली आणि सावलीला सरकले. कुणी पाणी फिरवलं. कुणी बर्फ मागवायला पाहिजे का विचारलं, आणि अंबादास हो म्हणाला, तर बर्फ आला आणि मोकळ्या जागेच्या दोन्ही अंगांना ठेवला गेला. अंबादास बसायचा, उठायचा, कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचा. मोहोळला बस अर्धा तास उभी राहिली. बर्फाचं पाणी उंबऱ्यापर्यंत आलं आणि सुकलं, मग दुसरा बर्फ आणला. दोनदा कुणीतरी उरकायची गोष्ट काढली. दोन्ही वेळा अंबादासनं सांगितलं की ती निघालेली आहे.

उन्हं कलल्यावर रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली. माणसांनी वाट दिली. रेणुका दारात आली, पिशवी उंबऱ्यात ठेवली आणि आत येऊन त्या मोकळ्या जागेशी बसली. भाग्यलक्ष्मी तिच्या मागं बसली. रेणुका आधी नुसती बघत राहिली, मग रडली, आणि तिला कुणी गप्प केलं नाही. बऱ्याच वेळानं तिनं तोंड पुसलं.

"काही बोलले का?" तिनं विचारलं.

अंबादास तिच्यासमोर उकिडवा बसला होता. "तू आलीस का, एवढंच विचारत होते," तो तिच्या तोंडाकडं बघून म्हणाला.

रेणुकानं मान हलवली. आणखी थोडा वेळ ती बसून राहिली. मग उठली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"न्या आता," ती म्हणाली.

अंबादास पुढं झाला, कमटम आणि मागच्या आळीतले दोघं त्याच्या मागोमाग आले, आणि चौघांनी वाकून खांदा दिला.